टेबलाच्या पायाखालचं कार्ड

प्रशिक्षण छावणी, दक्षिण कॅरोलायना
२४ मार्च २०१९

मावशी,

आपल्या रीतीप्रमाणे, लांबूनच, तुझा हात नाकाला लावतो.

फोन काढून घेतलेत. रविवारी कागद मिळतो आणि लिहायला अर्धा तास, म्हणून कामाचं आधी. निघण्यापूर्वी मी जे प्रवासाचं क्रेडिट कार्ड घेतलं, त्याची दोन कार्डं आली होती. एक माझं, ते इथे कुलपात आहे. दुसरं तुझ्या नावाचं, ते तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. ते वापर. पेट्रोल, वीज, कोंबड्या, गावच्या फिएस्ताच्या जेवणावळीचं सगळं सामान त्याच्यावर घे आणि तेवढी रोख माझ्या खात्यात भर, बँक तिथून वळती करेल. तुझा एक सेंट जास्त जाणार नाही. ३१ मेच्या आत पाच हजार डॉलर खर्च झाले तर ऐंशी हजार पॉइंट मिळतात. एक दिवस उशीर झाला तर शून्य. फीची काळजी करू नकोस, सैनिकांना ती माफ असते.

इथली पोरं म्हणजे एकेक नग आहेत. माझ्या शेजारच्या खाटेवर अलाबामाचा ओडम आहे. त्यानं भरतीआधीच नवा ट्रक घेतला. व्याज किती विचारलं तर म्हणतो, रंग बघ ना. असल्यांच्या पंक्तीला मी! मी चार महिने नियम वाचून, अकरा कार्डं ताडून पाहून हे निवडलंय. तुझ्या भाचीला, बर्निसला विचार. तिचं नाव काढलं की तू नाक मुरडतेस, पण ती असल्याच पॉइंटांवर वर्षातून दोनदा फुकटात टोकियोला जाते आणि तू निवृत्त झाल्यापासून बेटाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस.

पॉइंट कशाला हवेत ते विचारू नकोस. फक्त एवढं कर.

लेलंड

*

तालोफोफो, ग्वाम
५ एप्रिल

लेलंड,

आशीर्वाद. अक्षर सुधारलंय, अक्कल जिथल्या तिथे आहे.

कार्ड सापडलं. चांगलं जाड आहे, धातूचं. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे ना, त्याच्याखालचा पुठ्ठा काढून तिथे हे सरकवलं. टेबल आता हलत नाही. माझ्याकडून बँकेचे आभार मान.

आता फी. मी बावीस वर्षं सैन्यात काढली, त्यातली सहा फर्स्ट सार्जंट म्हणून, आणि तुझ्यासारखी शंभर पोरं माझ्या टेबलापुढे रडून गेलीत. म्हणून बँकेला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सेवेत असताना खातं उघडलं तरच आमच्याकडे माफी." तुझं खातं २८ फेब्रुवारीचं. शपथ १८ मार्चची. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! साडेपाचशे डॉलर लागलेत. अकरा कार्डं ताडून पाहिलीस, भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं पाहिलं नाहीस.

आणि ही दुसरी हुशारी. तीन महिन्यांत पाच हजार उडवायचे ही अट मान्य करायची, आणि नेमके तेच तीन महिने अशा जागी जायचं जिथे साबणसुद्धा रांगेत उभं राहिल्यावर मिळतो. ओडमला हसतोस? त्याच्या ट्रकमध्ये निदान माणसं तरी बसतील.

कशाला हवेत ते विचारू नकोस म्हणतोस. विचारायला कशाला हवं? विमानतळावरच्या लाउंजमध्ये तंगड्या पसरून फुकटचं खायचंय, बर्निससारखं. अरे, सैनिक प्रवास कसा करतो ठाऊक आहे का? मालवाहू विमानात, मांडीवर पिशवी, कानात बोळे, आणि समोर हेलिकॉप्टरचं पातं बांधलेलं. आमचं सैन्य आमची सोय बघायचं, आम्ही लोखंडी कार्डं घेऊन हिंडत नव्हतो.

मी सामान हातानं मोजून रोखीनं आणते आणि तसंच आणणार. जेवत जा. पाय कोरडे ठेव.

मावशी

*

प्रशिक्षण छावणी
१४ एप्रिल

मावशी,

तुझा हात नाकाला लावतो, तू तो मागे ओढून घेतलास तरी.

तारखेचं चुकलं. कबूल. फी पहिल्या पगारातून भरली. झालं समाधान? आता तू हे शंभर वर्षं सांगत बसणार.

इथेही माझं बरं चाललेलं नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रिल सार्जंटनी प्रत्येकाला विचारलं, शेवटचं चांगलं जेवण कुठे जेवलास. मी खरं सांगितलं. येताना होनोलुलूच्या लाउंजमध्ये भात आणि अंडं, आणि बसायला अशी खुर्ची की उठवत नव्हतं. तेव्हापासून छावणीत मला नावच राहिलं नाही. पहाटे चारला माझ्या कानाशी येऊन ओरडतात, "लाउंज! आपली आरामखुर्ची तयार आहे!" आणि मग जमिनीवर हात टेकून चाळीस जोर काढायचे. ओडम तर हसून हसून खाटेवरून पडला. ट्रकचं व्याज अजून ठाऊक नाही त्याला.

तू म्हणतेस रोख, रोख. रोख मोजणाऱ्यांना दुकानदार काय देतो? पिशवीसुद्धा देत नाही. असो. मला भांडायला वेळ नाही, अकरा मिनिटं उरलीत.

ऐक. परेडच्या आदल्या दिवशी इथे एक रीत आहे. सगळी तुकडी मैदानात ताठ उभी राहते. आपलं माणूस येऊन खांद्यावर हात ठेवेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. हात ठेवला की मोकळा. ज्याचं कुणी येत नाही त्याला शेवटी दुसऱ्याची आई सोडवते, नाहीतर सार्जंट. मला एका माणसाला त्या दिवशी इथे आणायचंय. तिकीट लांबचं आहे, माझ्या दोन पगारांत बसत नाही, पण पॉइंटांत बसतं. एवढ्यासाठीच हे सगळं होतं. कोण ते सांगत नाही. सांगितलं तर तू तिथल्या तिथे नाही म्हणशील. तुझा स्वभाव मी ओळखतो.

फिएस्ताचं सामान फक्त कार्डावर घे. मी पुन्हा काही मागणार नाही.

लेलंड

*

तालोफोफो
८ मे

लेलंड,

आशीर्वाद. उत्तर मुद्दाम फिएस्ता उरकून देतेय, म्हणजे तुला आशा नको.

दोन डुकरं, चाळीस कोंबड्या, लाल भाताची सहा पातेली. सगळं रोखीनं. मोजताना दुकानदाराची बायको म्हणाली, "एवढं रोख हल्ली कोण देतं?" मी म्हटलं, ज्याच्याकडे असतं तो. बर्निस आली होती मोठा काळा गॉगल लावून. मी सगळ्यांसमोर विचारलं, "या गॉगलला वेगळं तिकीट लागतं का गं?" तिनं लिंबू पिळलेल्या कोंबडीचं, केलाग्वेनचं ताट उचललं आणि पाठ करून बसली. लोक पोट धरून हसले.

आता तुझं ते माणूस. कोण ते सांगत नाही म्हणतोस. मी काय या बेटावर काल उतरले? तुझी आई. माझी सख्खी बहीण. "सहा महिन्यांत बोलावून घेते" म्हणून कॅलिफोर्नियाला गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि अंगात ताप होता. मी निवृत्त होऊन घरी आले त्याच आठवड्यात. सतरा वर्षांत तिची तीन पत्रं आली, त्यातल्या एकात तुझं नाव चुकलं होतं. त्या बाईला विमानात बसवून पहिल्या रांगेत आणायचं, तिनं तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि त्यासाठी मी माझी डुकरं तिच्या नावावर कापायची! लाज नाही वाटली मागताना? तिच्यासाठी तिकीट काढायला तुला अकरा कार्डं ताडावी लागली. माझ्यासाठी कधी कुणी बसचं तिकीट काढलं नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही.

१९८० साली माझी परेड झाली तेव्हा लोकांची माणसं मैदानात धावत आली. मिठ्या, रडारड, फोटो. माझ्याकडे कोण होतं? इथून तिकडे यायचं भाडं घरात कुणाकडे होतं? मी टोपी हातात धरून तशीच उभी राहिले, मैदान रिकामं होईपर्यंत. मग खोलीवर जाऊन झोपले. मेले का? नाही मेले. तूही मरणार नाहीस.

मावशी

*

प्रशिक्षण छावणी
१९ मे

फर्स्ट सार्जंट ताइमांग्लो यांस,

तुमचं पत्र मिळालं. कार्डाचा विषय संपला. टेबल हलत नसेल तर ठीक.

आठवडाभर जंगलात होतो. नेमबाजीत पास झालो. ५ जूनला मैदान, ६ जूनला परेड. मला कुणी लागत नाही. तुम्हाला लागलं नव्हतं.

लेलंड

*

तालोफोफो
२९ मे

बर्निस,

हे तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवून जातेय. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

परवा सकाळी लेलंडच्या छावणीतून पाकीट आलं. परेडच्या पाहुण्यांची यादी, खाली सही करून परत पाठवा म्हणून. नावं पोरांनी आपल्या हातानं भरायची असतात. मला वाटलं माझ्या बहिणीचं नाव असेल, आणि फाडून टाकण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून चष्मा लावला.

पाहुण्याचं नाव: एनग्रासिया ताइमांग्लो. नातं: आई. भरल्याची तारीख २ एप्रिल. माझं पहिलं पत्र मी ५ एप्रिलला लिहिलं. म्हणजे मी त्याला उतावळा नवरा म्हणत होते तेव्हा हा कागद भरून तयार होता. आणि दुसऱ्या पत्रात मी जे लिहिलं ते तुला सांगणार नाही. ते त्याच्याकडे आहे, पुरे.

मी तशीच उठून हवाई तळावर गेले. निवृत्तांना लष्करी विमानात रिकामी जागा असेल तर फुकट नेतात, हे मी आयुष्यभर सगळ्यांना ऐकवत आले. दोन दिवस पिशवी घेऊन बाकावर बसले. निवृत्तांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. तीन विमानं गेली. काउंटरवरचा पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणाला, "आजी, घरी जाऊन झोपा." आजी! मी त्याच्या वयाच्या पोरांना शिट्टीवर पळवायचे.

सगळी रोख फिएस्तात गेली. लेलंडचं कार्ड मी टेबलाच्या पायाखाली घातलंय; त्यावर तिकीट काढलं तर बिल पोराच्या डोक्यावर बसेल, आणि ते त्याच्या दोन पगारांत मावत नाही. कार्डाचे पाच हजार आता दोन दिवसांत कुठे खर्च करू? केले तरी पॉइंट बिल निघाल्यावर मिळतात, असं बँकेतली ती गोड मुलगी म्हणाली. तिचा आवाज मला आता सहन होत नाही.

तुझ्याकडे पॉइंट आहेत. मला ५ जूनच्या सकाळी नऊपर्यंत दक्षिण कॅरोलायनात पोचायचंय. मी कधी कुणापुढे हात पसरलेला नाही, त्यामुळे नीट पसरता येत नाहीये. चूकभूल समजून घे.

तुझी आत्या

*

तुमोन, ग्वाम
३० मे

आत्या,

गॉगलला वेगळं तिकीट लागत नाही. तुझ्या तोंडाला लागायला हवं होतं.

चारशे माणसांत मला हसलीस तेव्हा माझ्या ऑक्टोबरच्या टोकियोची तिकिटं काढून झाली होती. काल ती रद्द केली. तुझं तिकीट सोबत आहे, ३ जूनचं. होनोलुलू, मग लॉस एंजेलिस, मग शार्लट, मग तिथून छोटं विमान. तुझं नाव मला विचारावं लागलं नाही. लेलंडनं फेब्रुवारीतच तुझ्या तिकिटासाठी लिहून दिलं होतं, ओळखपत्रावर आहे तसंच, जन्मतारखेसकट. मी त्याला शंभरदा म्हटलं, अरे, सांग तिला. तो म्हणाला, "सांगितलं तर पैसे वाचवायला नको म्हणेल, आणि मग मरेपर्यंत म्हणेल की मला कुणी कधी बोलावलंच नाही." आपल्या घराण्यात तुला एवढं ओळखणारा तोच एक गाढव आहे.

होनोलुलूत सात तास थांबायचंय. टेबलाखालचं कार्ड काढून सोबत ने, ते दाखवलं की आत सोडतात. बाकावर बसून हुतात्मा होऊ नकोस. आभारही मानू नकोस, तुला जमणार नाही आणि मला ते बघवणार नाही.

बर्निस

*

दक्षिण कॅरोलायना
८ जून

बर्निस,

आभार मानत नाही. पण घडलं ते तुला सांगायला हवं, आणि लेलंडनं सांगितलं तर तो वाढवून सांगेल.

कार्ड काढायला टेबलाखाली वाकले तर कंबर धरली. धातूला फिनादेनीचा वास लागलाय, मिरचीचा आणि सोयाचा. होनोलुलूत लाउंजच्या दारातल्या मुलीनं ते दोन बोटांत धरलं. तरी आत सोडलं. कसले लोक होते आत! एक बाई कुत्र्याला केक भरवत होती. एक गृहस्थ बूट काढून घोरत होता. यांच्यात बसायला पोरं साडेपाचशे डॉलर मोजतात. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली. खुर्ची चांगली होती, हे लपवत नाही.

शार्लटला घात झाला. छोटं विमान दोन तास उशिरा सुटलं. तिथल्या बाकावर बसून मी बँक, बहीण, विमान, सैन्य सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि शेवटी उरले मी. मला कुणी कार्ड टेबलाखाली घालायला सांगितलं नव्हतं. पोरगं सांगत होतं, एका माणसाला आणायचंय. मी त्यात स्वतःला सोडून सगळ्यांना पाहिलं. इतकी वर्षं लोकांना मूर्ख म्हणत आले, आणि सगळ्यांत मोठी मूर्ख रोज आरशासमोर केस विंचरत होती.

नऊला मैदान होतं. मी फाटकातून आत शिरले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. माणसं गाड्यांकडे परतत होती, पोरं आयांच्या गळ्यात हात टाकून हिंडत होती. मैदान रिकामं. नाही, अगदी रिकामं नाही. मध्ये एकजण उभा होता. उन्हात, ताठ, टोपी सरळ. कडेला ड्रिल सार्जंट पाण्याची बाटली घेऊन उभे.

मला म्हणाले, "कोण लागता याच्या?"

मी म्हटलं, "यादीत लिहिलंय ते."

त्यांनी यादी पाहिली. मग मान हलवून म्हणाले, "ओडमची आई आली होती सोडवायला. यानं मानेनंच नको म्हटलं. मी विचारलं, लाउंज, कुणी येणार आहे का? म्हणाला, नाही, सार्जंट. मग मी ठेवू का हात? म्हणाला, नको, सार्जंट. अरे मग उभा कशाला आहेस? तर म्हणतो, माझी मावशी अशीच उभी होती, सार्जंट, मैदान रिकामं होईपर्यंत. आता यावर मी काय ओरडणार?"

बर्निस, मी मैदान ओलांडलं. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. बारीक झालाय. गळ्याचं हाड वर आलंय. डाव्या बुटाची नाडी आत खोचलेली नव्हती, ते मी आधी सांगितलं. त्याची पापणी हलली, पण हलायचं नाही, बोलायचं नाही हा नियम. मला पाहिलं त्यानं, हे कळलं, कारण डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायलाही त्याला परवानगी नव्हती.

तेव्हा मी ठरवलं की हात लगेच ठेवायचा नाही. हात ठेवला असता तर तो बोलला असता, आणि तो बोलला असता तर मी त्याला काहीतरी टोचून बोलले असते आणि विषय तिथेच संपला असता. आपल्या घरात सगळं असंच संपतं. म्हणून आधी बोलले. म्हटलं, लेलंड, मी चुकले. तुझ्या आईच्या नावानं जे लिहिलं ते तिच्यावरच्या रागानं नव्हे, तिला तू अजून आई म्हणत असशील या भीतीनं लिहिलं. सतरा वर्षं मी तुला हे विचारलं नाही. १९८० साली मी मेले नव्हते हे खरं, पण झोपलेही नव्हते. रात्रभर जागी होते. ते तुला खोटं लिहिलं. आणखीही बोलले, ते तुला सांगत नाही. सार्जंट पाठ करून उभे राहिले होते. भला माणूस आहे, आवाज तेवढा वाईट.

सगळं बोलून झाल्यावर हात ठेवला.

त्यानं तो खांद्यावरून काढला, दोन्ही हातांत धरला आणि नाकाला लावला. लहानपणी दारातून आत आला की लावायचा तसा. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, घड्याळ बघायची सोय नव्हती.

मग नाक पुसत म्हणाला, "मावशी, लाउंजमध्ये जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. "भात कच्चा होता."

आत्या